डिस्क वाढवली आणि व्हीएमचा बॅकअप बारा मिनिटांवरून सहा तासांवर गेला

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) विंडोजचा एक फाइल सर्व्हर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक) म्हणून चालतो, बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातो. तीन आठवड्यांपूर्वी जागा संपत आली म्हणून त्या व्हीएमची डिस्क एसएसडीवरच्या एलव्हीएम-थिनमधून (जिथे लिहिलं जाईल तशीच जागा वाटली जाते) उचलून हार्डडिस्कच्या रेडवर (अनेक डिस्क जोडून केलेल्या संचावर), साध्या एलव्हीएममध्ये (जिथे सगळी जागा आधीच राखली जाते) हलवली. नंतर ती ५०० जीबीची २ टीबी केली. आधी रोजचा बॅकअप १२ मिनिटांत उरकायचा, आता सहा तास चालतो. सकाळी लोक कामाला बसतात तेव्हाही तो संपलेला नसतो, आणि तोवर साधी फाइल उघडायलाही वेळ लागतो. विचारणाऱ्यांच्या मनात दोन उपाय आहेत: जुने बॅकअप पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची, किंवा नेटवर्क १० गिगाबिटचं करायचं.

माझी पहिली विनंती अशी की सध्या यातलं काहीच करू नका. जुने बॅकअप तर अजिबात पुसू नका. ते असल्यामुळेच आजचं काम सहा तासांत निभावतंय, ते कसं ते पुढे सांगतो.

आधी आकड्यांकडे बघू. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. २ टीबी भागिले २१,६०० केलं की सेकंदाला साधारण ९३ एमबी येतात. हार्डडिस्कच्या रेडवरून, व्हीएम चालू असताना, हा वेग अगदी सर्वसाधारण आहे. म्हणजे बॅकअपचा वेग कमी झालेलाच नाही, काम वाढलंय. आधी तो रोज बदललेला थोडासा भाग वाचत होता, आता रोज अख्खी डिस्क वाचतोय. त्यामुळे ‘बॅकअप हळू का झाला’ असं विचारून उत्तर सापडणार नाही. ‘दर रात्री पूर्ण डिस्क वाचायची पाळी का येते’ असं विचारलं की रस्ता दिसतो.

हा ९३ चा आकडा फसवा आहे, हेही इथेच सांगतो. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, त्यामुळे आकडा पाहून कुणालाही वाटेल की नेटवर्क भरलंय. १० गिगाबिटचा विचार त्यातूनच आला असणार. पण हा बॅकअप सर्व्हर व्हीएमची डिस्क ४ एमआयबीच्या (मेबीबाइट, एमबीपेक्षा किंचित मोठं एकक) तुकड्यांत कापतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) होस्टवरच, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनवरच, काढला जातो, आणि मागच्या बॅकअपमध्ये जो तुकडा आधीच आहे तो पुन्हा पाठवला जात नाही. पूर्ण डिस्क वाचली तरी तारेवरून जातो तो फक्त नवा माल. बॅकअप चालू असताना होस्टचा नेटवर्क ग्राफ उघडून बघा. रेघ तळाला असेल तर १० गिगाबिटवर केलेला खर्च वाया जाईल. आणि जुने बॅकअप पुसलेत तर ‘मागच्या वेळचे तुकडे’ ही यादीच हातची जाईल, सगळं नव्याने पाठवावं लागेल. रिस्टोर करण्याच्या जुन्या तारखा जातील तो तोटा निराळाच.

आता पूर्ण वाचनाचं कारण. रोजचा बॅकअप १२ मिनिटांत व्हायचा तो एका नकाशाच्या जोरावर. व्हीएम चालवणारी क्यूईएमयूची प्रोसेस, मागच्या बॅकअपनंतर डिस्कच्या कुठल्या तुकड्यांवर लेखन झालं याची खूण आपल्या मेमरीत ठेवते. यालाच डर्टी बिटमॅप म्हणतात. पुढचा बॅकअप फक्त खुणा केलेले तुकडे वाचतो, बाकी भागाला हातही लावत नाही. हा नकाशा एका विशिष्ट डिस्कचा, तिच्या विशिष्ट आकाराचा आणि एका विशिष्ट मागच्या बॅकअपच्या तुलनेतला असतो. डिस्क हलवली किंवा तिचा आकार बदलला की तो नकाशा कामाचा राहत नाही. मग प्रणाली तो टाकून देते, पहिल्यापासून सगळं वाचते आणि नवा नकाशा सुरू करते. त्यामुळे डिस्क बदलल्यानंतरची पहिली रात्र लांबणारच. त्यात बिघाड नाही, उलट तसंच व्हायला हवं.

तुमच्याकडे मात्र तीन आठवडे झाले. दुसऱ्या रात्रीपासून बॅकअप पुन्हा मिनिटांवर यायला हवा होता. तो आला नाही, याचा अर्थ दोनपैकी एक: नकाशा रोज मरतोय, किंवा नकाशा शाबूत आहे पण डिस्कवर रोज खरोखरच प्रचंड लेखन होतंय. कुठलं ते लांबून सांगता येत नाही, पण तपासणं सोपं आहे.

शनिवारी, गर्दी नसताना, हाताने एक बॅकअप चालवा. तो संपला की व्हीएमला हात न लावता लगेच दुसरा चालवा. बंद-चालू नाही, प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरून रीबूटही नाही, कारण ते बटण व्हीएम बंद करून नवी प्रोसेस सुरू करतं आणि नकाशा प्रोसेसबरोबर जातो. विंडोजच्या आतून केलेल्या रीस्टार्टमध्ये एरवी प्रोसेस तीच राहते, तरी चाचणीपुरतं तेही टाळा. मग दोन्ही टास्क लॉग शेजारी ठेवून डर्टी-बिटमॅप स्टेटसची ओळ वाचा. प्रत्येक डिस्कसाठी ती वेगळी येते. तिथे ‘क्रिएटेड न्यू’ असेल तर नकाशा नव्हता, नवा केला. जुना बिटमॅप ‘इनव्हॅलिड’ ठरून ‘क्लिअर’ केला असं असेल तर नकाशा होता पण जुळला नाही. ‘ओके’ असेल तर पुढे किती डेटा डर्टी आहे तो आकडा असतो, आणि तो आकडा फार बोलका असतो.

दुसरा बॅकअप दोन-चार मिनिटांत संपला तर यंत्रणा ठणठणीत आहे. एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत कुणीतरी नकाशा मारतंय, एवढंच शोधायचं उरतं. माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा बॅकअप जॉबचा मोड असतो. डिस्क हलवण्याच्या धांदलीत ‘सुरक्षित असावं’ म्हणून कुणीतरी मोड स्नॅपशॉटवरून (व्हीएम चालू ठेवून बॅकअप) स्टॉपवर नेतो आणि तो तसाच राहतो. स्टॉप मोडमध्ये दर वेळी व्हीएम बंद होतो, नवी प्रोसेस उभी राहते, नकाशा कोरा. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालून प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) नीट चालत असेल तर स्नॅपशॉट मोडमध्येही बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टीम स्थिर केली जाते. साध्या फाइल सर्व्हरला स्टॉप मोडची गरज मला आजवर पडलेली नाही.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे दोन जॉब. एकाच व्हीएमचा बॅकअप आज या डेटास्टोअरवर (बॅकअप साठवायच्या जागेवर), उद्या दुसऱ्यावर. हेतू चांगला असतो, दोन ठिकाणी प्रत असावी. पण नकाशा एकाच ठिकाणच्या मागच्या बॅकअपशी बांधलेला असतो, त्यामुळे दर वेळी तो बाद होतो. दुसरी प्रत हवीच, पण ती व्हीएमकडून घेऊ नका. एका बॅकअप सर्व्हरवर घ्या आणि तिथून दुसऱ्यावर प्रत नेणारा सिंक जॉब लावा. याशिवाय मागचा बॅकअप सर्व्हरवरून कुणी काढून टाकला, किंवा पडताळणीत तो खराब निघाला, तरीही पुढच्या वेळी पूर्ण वाचन होतं. पडताळणीत खराब निघाला असेल तर मात्र वेळेचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी बॅकअप सर्व्हरच्या डिस्क तपासा.

आता दुसरी शक्यता. लॉगमध्ये ‘ओके’ आहे, पण डर्टीचा आकडा शेकडो जीबींचा. म्हणजे नकाशा बरोबर आहे आणि गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या विंडोजच्या, आत काहीतरी सगळीकडे लिहितंय. इथे ४ एमआयबीच्या तुकड्याचा हिशेब लक्षात घ्या. डिस्कवर विखुरलेल्या १०,००० जागी फक्त ४ केबी लिहिलं तर प्रत्यक्ष बदल ४० एमबीचा होतो. पण प्रत्येक जागा वेगळ्या तुकड्यात पडली तर वाचायला लागतात जवळपास ३९ जीआयबी. म्हणून ‘आमच्याकडे रोज जेमतेम दोन जीबीच्या फाइल बदलतात’ हे वाक्य मी ऐकतो, पण त्यावर अवलंबून राहत नाही. अशा वेळी विंडोजमधली ड्राइव्ह ऑप्टिमायझेशनची शेड्यूल्ड टास्क बघा. व्हर्च्युअल डिस्कवर एसएसडी इम्युलेशन (डिस्क एसएसडी आहे असं विंडोजला दाखवणं) आणि डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा स्टोरेजला परत देणं) लावलेलं नसेल तर विंडोज तिला फिरती डिस्क समजून डीफ्रॅग करतं, म्हणजे फाइल उचलून इकडून तिकडे ठेवतं. मजकूर तोच राहतो, जागा बदलते, आणि बॅकअपच्या नजरेला ते नवं लेखन दिसतं. डिस्क मोठी केल्यावर उत्साहाने सुरू केलेला डेटा डीडुप्लिकेशन रोलसुद्धा (एकसारखा मजकूर एकदाच ठेवणारी विंडोजची सोय) सुरुवातीचे काही दिवस असाच धिंगाणा घालतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलात तर डिस्कवरचा एकूण एक वापरलेला ब्लॉक बदलतो, तेव्हा ती एक रात्र, किंवा दोन, सोसावीच लागते.

आता तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. तुम्ही डिस्क थिनवरून साध्या एलव्हीएमवर आणली आणि नंतर तिथे वाढवली. हा क्रम महत्त्वाचा आहे. एलव्हीएम-थिनमध्ये ज्या भागावर कधीच लिहिलं नाही तो भाग वाटपच झालेला नसतो. तो वाचायला मागितला तर डिस्कवर न जाता शून्यं परत मिळतात, त्यामुळे रिकामी जागा जवळपास फुकट वाचली जाते. साध्या एलव्हीएममध्ये २ टीबी म्हणजे खरोखरचे २ टीबी, रिकामे असोत वा भरलेले. वाचायचे म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागावरून वाचायचे. शिवाय वाढवलेला १.५ टीबीचा भाग शून्यांनी भरलेला असेलच असं नाही. त्या जागी पूर्वी दुसऱ्या कुठल्या व्हीएमची डिस्क असेल आणि ती काढून टाकताना पुसली नसेल (स्टोरेजच्या सेटिंगमध्ये काढलेले व्हॉल्यूम पुसण्याचा पर्याय असतो, तो आपणहून लागलेला नसतो), तर तिचे जुने अवशेष तिथेच पडून असतात. विंडोजच्या दृष्टीने ती रिकामी जागा, पण बॅकअपच्या दृष्टीने तो डेटा. तो वाचला जातो, त्याचे तुकडे होतात, ते सर्व्हरवर जागा अडवतात. दुसऱ्याच व्हीएमचा पुसलेला मजकूर या व्हीएमच्या बॅकअपमध्ये जाऊन बसतो, ही बाब मला वेळेपेक्षाही जास्त खटकते.

हे तपासायचं असेल तर पूर्ण वाचनाच्या रात्रीचा लॉग शेवटपर्यंत वाचा. बॅकअप ‘स्पार्स’ (म्हणजे काही भाग नुसत्या शून्यांचा) आहे आणि एकूण किती डेटा शून्य होता, अशी एक ओळ तिथे मिळेल. तुमच्या २ टीबीपैकी सव्वा-दीड टीबी रिकामे असतील तर शून्यांचा आकडा त्याच्या जवळपास हवा. तो फारच कमी असेल तर अवशेष बॅकअपमध्ये जात आहेत असं समजा. पूर्वी विंडोजमध्येच असलेल्या आणि नंतर डिलीट केलेल्या फाइलींचाही त्यात वाटा असतो, हे खरं.

त्यावर दोन मार्ग. जागेची सोय असेल तर डिस्क पुन्हा थिन स्टोरेजवर न्या, डिस्कार्ड चालू करा आणि विंडोजमधून ट्रिम (कुठली जागा मोकळी आहे ते डिस्कला कळवणं) चालवा. मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. सोय नसेल तर विंडोजमध्ये एसडिलीट हे मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन शून्य भरण्याच्या पर्यायासह एकदा चालवा, म्हणजे सगळी मोकळी जागा शून्यांनी भरेल. त्या रात्रीचा बॅकअप पुन्हा लांबेल, कारण इतकं लेखन झालंय. पण त्यानंतर सर्व्हरवरची जागा आटोक्यात येते. मात्र एक समजून घ्या: साध्या एलव्हीएमवर शून्यंही वाचावीच लागतात, त्यामुळे शून्यं भरल्याने पूर्ण वाचनाची वेळ घटत नाही. वेळ घटते ती नकाशा जगवल्याने. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि शून्यं भरून निराश होतात.

बॅकअप चालू असताना फाइल उघडायला वेळ लागतो, त्याचं कारण वेगळं आहे आणि ते वेगळंच सोडवायला हवं. स्नॅपशॉट मोडमध्ये, अजून बॅकअपमध्ये न गेलेल्या तुकड्यावर गेस्टला काही लिहायचं असेल, तर आधी त्या तुकड्याचा जुना मजकूर बॅकअपकडे रवाना व्हावा लागतो. तोवर गेस्टचं लेखन अडून राहतं. बॅकअप सर्व्हर हळू असेल, त्याच्या डिस्क फिरत्या असतील, किंवा त्याच वेळी तिथे पडताळणी नाहीतर गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे काढून टाकणं) चालू असेल, तर त्याचा ताण थेट तुमच्या वापरकर्त्यांपर्यंत पोचतो. पूर्ण भरलेल्या २ टीबीच्या डिस्कचे सव्वापाच लाखांच्या आसपास तुकडे होतात आणि सर्व्हरवर प्रत्येक तुकडा ही एक स्वतंत्र फाइल असते, म्हणून हार्डडिस्कवरचा डेटास्टोअर अशा वेळी धापा टाकतो. प्रॉक्समॉक्स व्हीई ८.२ पासून, म्हणजे २०२४ पासून, यावर फ्लीसिंगची सोय आहे. जुना मजकूर आधी होस्टवरच्या वेगवान स्टोरेजवर तात्पुरता ठेवला जातो आणि तिथून सवडीने बॅकअपला जातो. तुमच्याकडे एसएसडीवरचं एलव्हीएम-थिन अजून आहे, फ्लीसिंगसाठी त्याच्यासारखी जागा नाही. हे मी आजच लावलं असतं, बाकी निदान नंतर. बॅकअप लांबला तरी चालेल, लोकांचं काम अडता कामा नये.

जे इतर प्रणालींवर आहेत त्यांच्यासाठी थोडं. तत्त्व तेच, नकाशाची जागा वेगळी. व्हीएमवेअरमध्ये २००९ च्या व्हीस्फिअर ४ पासून चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग आहे आणि तो नकाशा डिस्कशेजारी सीटीके फाइलमध्ये राहतो. हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून रेझिलियंट चेंज ट्रॅकिंग आहे. जुन्या होस्टवरून आणलेल्या व्हीएमची कॉन्फिगरेशन आवृत्ती वाढवली नसेल तर ते मिळत नाही, आणि हे बरेचजण विसरतात.

व्हीएमवेअरचं नाव घेतलं की मला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिने माझी या प्रश्नाकडे बघण्याची नजर बदलली. एका ठिकाणी आम्ही व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ५ वर एका व्हीएमची डिस्क १०० जीबीवरून ३०० जीबी केली. दुसऱ्या दिवशीचा बॅकअप नेहमीसारखाच झटपट झाला आणि आम्ही खूश झालो. काही महिन्यांनी रिस्टोरची चाचणी घेतली तर डेटाबेस उघडेना. एकामागून एक मागच्या तारखा लावून बघितल्या, डिस्क वाढवल्यानंतरची एकही प्रत शाबूत नव्हती. सुदैवाने मूळ व्हीएम जिवंत होता. पुढे २०१४ मध्ये तो दोष सगळ्यांसमोर आला: ट्रॅकिंग चालू असलेली डिस्क १२८ जीबी, २५६ जीबी, ५१२ जीबी अशा सीमा ओलांडून वाढवली की बदललेल्या भागांची यादी चुकीची मिळू शकत होती. बॅकअप त्या यादीवर विश्वास ठेवून मोजकंच वाचत होता, म्हणून झटपट होता. उपाय म्हणजे ट्रॅकिंग बंद करून पुन्हा चालू करणं आणि एक पूर्ण बॅकअप घेणं. नंतरच्या पॅचमध्ये तो दोष दुरुस्तही झाला. तेव्हापासून डिस्कचा आकार बदलला की मी स्वतः होऊन नकाशा टाकून देतो आणि एक पूर्ण वाचन होऊ देतो, प्रणाली कुठलीही असो. डिस्क वाढवल्यानंतर बॅकअप रेंगाळला तर मला चिंता वाटत नाही. तो अजिबात न रेंगाळता झाला तर मी त्याच आठवड्यात रिस्टोर करून बघतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज फ्लीसिंग लावा आणि जॉबचा मोड बघा. बॅकअपची वेळ रात्री लवकर आणा, आणि सर्व्हरवरची पडताळणी व गार्बेज कलेक्शन त्या वेळेपासून दूर न्या. शनिवारी ती दोन बॅकअपची चाचणी करा. रविवारी, डिस्क वाढवल्यानंतरचा कुठलाही एक बॅकअप नेटवर्क तोडलेल्या वेगळ्या व्हीएममध्ये रिस्टोर करा. वाढवल्यानंतर लिहिलेल्या काही मोठ्या फाइल उघडून बघा, नुसता विंडोज बूट झाला म्हणजे झालं असं समजू नका. मग दोन्ही लॉगमधली बिटमॅप स्टेटसची ओळ, स्पार्सची ओळ आणि किती डेटा पुन्हा वापरला गेला ती ओळ इथे टाका. एवढं हाती आलं की डिस्क परत थिनवर न्यायची की नाही ते नक्की सांगता येईल.